कढईत हात कुणाचा

कमलबाईचा हात वाचला, बांगड्या तेवढ्या वाढल्या. खव्याची मोठी कढई खरवडायला ती कोपरापर्यंत आत वाकली होती आणि खवा ढवळणारं, बंद असलेलं मोटरीचं घोटणं आपोआप फिरलं. लोखंडी पातं मनगट घासून गेलं, मनगट काळंनिळं झालं. त्यावर मालकाचं पहिलं बोलणं काय, तर बाई, बघून हात घालायचा का न्हाय?

मालक म्हणजे दोघं भाऊ. धाकटा इंद्रजित तामलवाडीच्या ह्या कारखान्यात बसायचा, थोरला रणधीर तुळजापुरात पेढ्याच्या दुकानात. दोघांत विस्तव जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाराशिवहून दीपमाला आली, मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं काम बघणारी. फटकळ बाई. आल्या आल्या तिनं कमलबाईलाच झापलं, लाईट बंद न करता हात घातलाच कसा म्हणून. कमलबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मेन स्विच पाडला की शेजारची कढईही थांबते, म्हणून इंद्रजितनंच त्याला हात लावायची बंदी केली होती. तो पॅनेलच्या पडद्यावर 'दहा मिनिटं थांब' असं टाकायचा आणि म्हणायचा, घाला हात.

दीपमालानं लॅपटॉप जोडला आणि सगळं उघडं पडलं. घोटणं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या पोटात आकडे ठेवायचे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. घोटणं किती वेळ थांबवायचं तो आकडा अशाच एका खणात. इंद्रजित तिथं दहा लिहायचा. रणधीर दुकानातल्या गादीवर बसून मोबाईलवर तोच खण उघडायचा, दहा दिसले की धाकटा आळस करतोय म्हणून तिथं एक लिहायचा. शेवटी लिहील त्याचं खरं. आणि इंद्रजित लिहून पाठ फिरवायचा. आकडा टिकला का, हे परत वाचून बघायची तसदी त्यानं कधी घेतली नाही.

तेवढ्यात रणधीर येऊन धडकला. बाईच्या हातासाठी नाही, दुकानातला खवा संपत आला म्हणून.

"वाचा कितीबी जणांनी, लिहिणारा एकच पायजे," दीपमाला त्याला म्हणाली. "मोबाईलवरनं लिहिणं मी बंद केलंय. तुमी फक्त वाचायचं."

"मी थोरला. मी वाचत बसू आन् ह्यो लिहिणार?"

"कारखान्यात मी असतो," इंद्रजित म्हणाला.

"असतो म्हनं. झोपायला असतोस."

मग वाटणी निघाली, बापाचं आजारपण निघालं, एकमेकांच्या बायका निघाल्या. कमलबाई ऐकत उभी. तिच्या मनगटाकडं दोघांपैकी एकानंही बघितलं नाही.

दीपमालानं त्यांना तोडलं. "लिहिणारा कुणीबी असू द्या, थांबायचा आकडा म्हंजे कुलूप न्हाय. त्याच्या भरवशावर मशीनमधी हात घालायचा न्हाय." तिनं त्या एकाच कढईच्या मोटरला वेगळा स्विच बसवला. पाडला की खरंखुरं कुलूप लावता येईल असा. एक किल्ली कमलबाईला दिली, दुसरी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि धाराशिवला निघून गेली.

दारात दुधाचे कॅन येऊन पडले होते. कढई तशीच खरकटी. रणधीरनं कमलबाईपुढं हात पसरला.

"आना इकडं. कारखाना आमचा आन् किल्ली तुमच्याकडं व्हय?"

"मालक, हात तुमी घाला आन् किल्ली घ्या," कमलबाई म्हणाली.

रणधीरनं कढईत वाकून पाहिलं. पसरलेला हात खिशात घातला.

"उद्यापास्नं येऊ नका," तो म्हणाला. "उद्या कशाला, आत्ताच निघा."

इंद्रजित खाली बघत राहिला. कितीतरी महिन्यांनी दोघा भावांचं एकमत झालं होतं.

खरवडणी शिवलीलाच्या हातात गेली. तरणी पोर, कालपर्यंत डबे धुवायची. कमलबाईनं किल्ली मालकाला न देता तिच्या तळहातावर ठेवली. "कुनाला द्यायची न्हाय. आदी स्विच पाड, कुलूप घाल. मग चालू करायचं बटन दाबून बघ. न्हाय फिरलं तरच हात घाल."

शिवलीलानं मालकाकडं पाहिलं, मग त्या काळ्यानिळ्या मनगटाकडं. स्विच पाडला, कुलूप लावलं, बटण दाबलं. घोटणं हललं नाही. किल्ली पोलक्यात खोचून ती कढईत वाकली.

रणधीर दोनदा "निघा" म्हणाला. शिवलीलाचा हात बाहेर येईपर्यंत कमलबाई जागची हलली नाही.