ओला देठ

सेखोबेला माती देऊन माणसं घरी परतली, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, मोहापीने, सगळ्यांत आधी काय केलं असेल तर गांजा वाळवायच्या झोपडीला कुलूप ठोकलं. बायकांचं रडणं अजून अंगणात चाललं होतं. किल्ली पट्ट्यात खोचत तो भावाच्या विधवेला म्हणाला, "मातेबेलो, शोकाचं वर्ष सरेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. तुझ्या अंगावर सेफीफी आहे. पिकाला बाधली म्हणजे बसू सगळे बोंबलत."

सेफीफी म्हणजे मेलेल्याची सावली. ती विधवेच्या अंगाला चिकटून राहते आणि जिथे हात लागेल तिथे नासवते, हे लेसोथोच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मातेबेलोही ते मानत होती. काळं कापड अंगावर आलं तेव्हापासून तिने कुणाच्या हातात हात दिला नाही, कुणाच्या शेतातून पाऊल टाकलं नाही, दिवस मावळायच्या आत घर गाठलं. तिला चीड होती ती वेगळ्याच गोष्टीची. मोहापीच्या घरचं पाणी झऱ्यावरून आणताना, त्याच्या चुलीसाठी शेण थापताना, त्याचं खाणीतलं जुनं ब्लँकेट दगडावर आपटताना ही सावली कुठे गावाला जात होती कोण जाणे. गांजाच्या दारात मात्र ती हटकून हजर असायची.

आणि गांजा तिचा होता. मक्याच्या ओळींमधून बी तिने टोचलं होतं. नर झाडं ओळखून ती फुलायच्या आत उपटायची नजर तिची होती. कापलेल्या फांद्या छपराच्या वाशांना उलट्या टांगायच्या, उन्हात दार उघडायचं, दरीतून धुकं वर चढायला लागलं की लावून घ्यायचं, हे सगळं तीच करायची. सेखोबेचं काम म्हणजे गाढवांवर गोणी लादून घाट उतरणं आणि परत येताना पिऊन येणं. यंदा पीक टांगून झालं होतं आणि तो घाटात घोड्यावरून पडून गेला. हे पीक लेकीच्या, तेबेलोच्या शाळेसाठी, असं नवराबायकोचं ठरलं होतं. ती मोखोत्लोंगला वसतिगृहात राहत होती, शेवटची दोन वर्षं उरली होती. एवढी दोन वर्षं झाली की पोरगी नर्सिंगला जाईल, आपल्यासारखी शेण थापत बसणार नाही, एवढीच काय ती मातेबेलोची आशा होती.

आता ती आपल्या उंबऱ्यावर बसून समोरच्या झोपडीकडे बघत राहायची. मोहापीची उमर खाणीत गेली होती. तिथून तो खोकला तेवढा घेऊन आला. दगडातलं त्याला सगळं कळे, पाल्यातलं काही कळत नसे. पहिल्याच दिवशी त्याने झोपडीत शेणीचा जाळ केला, लवकर वाळावं म्हणून.

"न्ताते मोहापी!" ती उंबऱ्यावरून ओरडली. थोरल्या दिराला ती मानाने न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायची. "धुराचा वास लागला तर घाटाखालचा व्यापारी विचारेल, हे ओढायचं की भाजून खायचं?"

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला आणि जाळ विझवायला आत पळाला.

मग रोजचंच सुरू झालं. "न्ताते, दार लावा, धुकं आलं!" "मी काय आंधळा आहे?" असं म्हणत तो दार लावायचा. "न्ताते, फांद्या एकमेकींना चिकटल्यात, मध्ये वारा जाऊ द्या." "दिराला कामाला लावतेस होय गं?" असं म्हणत तो फांद्या सोडवायचा. दोघांनाही त्यात थोडी मजा वाटू लागली होती, कबूल कुणी केलं नसतं. पीक वाळतही छान होतं. वाऱ्यावरून येणाऱ्या वासातला कच्च्या गवताचा भाग कमी होत चालला होता. मातेबेलोला वाटलं, निभेल.

एकदा सासू उन्हाला येऊन बसली. तपकिरीची चिमूट ओढून म्हणाली, "ऐकलंस का? आमच्या लेबूसाचं जमलं."

लेबूसा मोहापीचा मुलगा. "चांगलं झालं," मातेबेलो म्हणाली.

"मुलीकडचे रीतीप्रमाणे मुलीच्या बदल्यात गुरं मागतायत. मागोत की! एवढा गांजा घाट उतरला की गुरंच गुरं."

मातेबेलोला आधी नीट कळलंच नाही. "हा गांजा?"

"मग काय माझ्या डोक्यावर उगवलाय?"

"आणि तेबेलोची शाळा?"

"पोरीला शिकवून शिकवून किती शिकवायचं? तिच्याही लग्नात गुरं येतीलच." म्हातारीने नाक पुसलं आणि दुसऱ्याच गोष्टीवर गेली.

तिने मोहापीला विचारायला हवं होतं. अंगण ओलांडायचं नव्हतं की काही नव्हतं, बसल्या जागेवरून हाक मारली तरी भागत होतं. पण जो माणूस बायकोलासुद्धा काही सांगत नाही तो आपल्याला काय सांगणार, असं तिने ठरवून टाकलं. कुलूप कशासाठी लागलं होतं ते आता कळलं, असंही ठरवून टाकलं. त्या दिवसापासून ती उंबऱ्यावरून ओरडेनाशी झाली.

पुढे पावसाची भुरभुर लागली. हवा दमट झाली आणि मोहापी दार उघडंच टाकून बसला. मातेबेलो बघत होती. ऊन पडलं, व्यापाऱ्याचा निरोप आला, आणि मोहापी एक फांदी हातात घेऊन तिच्या उंबऱ्यापाशी आला. काठीभर अंतर राखून उभा राहिला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बघ गं जरा. वाळलं ना?"

त्याने तुरा बोटांत चुरगाळला. पाला कुरकुरला. तो खूश झाला. मातेबेलो मात्र देठाकडे बघत होती. देठ त्याच्या मुठीत लवला आणि सोडल्यावर पुन्हा सरळ झाला. वाळलेला देठ कट्‌कन मोडतो. हा अजून ओला होता. असं भरलं की देठातलं पाणी तुऱ्यांत उतरणार, गोणी आतून तापणार. आणखी थोडे दिवस टांगून ठेवायला हवं होतं. भरल्यावरही रोज गोणीत हात घालून बघायला हवं होतं, दमट लागलं तर सगळं ब्लँकेटवर पसरायला हवं होतं.

"झालं," ती म्हणाली. "भरा."

"नक्की?"

"ठासून भरा. आणि प्लास्टिकच्या गोणीत भरा, बाहेरचा दमटपणा नको लागायला."

मोहापीने मान हलवली. जाता जाता थांबून म्हणाला, "सेखोबे म्हणायचा, तुझी नजर पक्की आहे."

गाढवं निघाली तेव्हा ती दारात उभी होती. थांबा, उतरवा ते, असं अगदी ओठांवर आलं. मग लेबूसाच्या दारात उभी राहणारी गुरं डोळ्यांपुढे आली आणि तिने तोंड मिटून घेतलं. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि ते पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं.

घाटाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती म्हणून गाढवं तिथेच काही दिवस खोळंबली. गोण्या उन्हात तापल्या. खाली पोचल्यावर व्यापाऱ्याने पहिली गोणी सोडली, हात घातला आणि शिवी हासडून हात झटकला. आत पांढरी जाळी धरली होती, शिळ्या दारूसारखा आंबूस वास सुटला होता. दुसरी सोडली, तीही तशीच. त्याने एकही घेतली नाही.

मोहापी परत आला त्याच सुमारास तेबेलो सुट्टीला घरी आली होती. घरची माणसं अंगणात जमली. कुणालाही फार डोकं चालवावं लागलं नाही. म्हातारी म्हणाली, "सेफीफी. दुसरं काय? दाराला कुलूप घालून ती थांबते होय?" शोकाचं वर्ष वाढवायचं, एक मेंढी कापून मातेबेलोला शुद्ध करायचं, असं ठरत गेलं. मातेबेलो खाली मान घालून बसली होती. बोला, हवं ते बोला, तुमच्या पोराची गुरं तर गेली ना, असं मनात म्हणत होती.

मोहापीने खोकल्याची उबळ आवरली. मग म्हणाला, "लेबूसा थांबला असता. तो काय, बाप्या आहे. मी आधी पोरीची शाळा भरणार होतो."

"मला कधी बोललास?" म्हातारी म्हणाली. "मी तर गावभर गुरांचं सांगून बसले!"

"बायकांना काय काय सांगायचं?"

मातेबेलोने मान वर केली. खोटं बोलतोय, तिला वाटलं. गेलेल्या पिकातून दानधर्म करायला कुणाच्या बापाचं काय जातं.

"खरंय, आई," तेबेलो म्हणाली. "थोरले बाबा शाळेत आले होते. मोठ्या बाईंना म्हणाले, मेंढ्या विकल्या की पुढच्या दोन वर्षांचं एकदम भरतो, तोवर हिला काढू नका. मी दारातच होते. आपल्याकडे मेंढ्या कुठे एवढ्या, मला तेव्हाच कळलं, पैसा गांजाचाच." तिचा आवाज फुटला. "बाईंनी सुट्टीपर्यंतच थांबते म्हणून सांगितलं होतं."

मोहापी जमिनीकडे बघत होता. शोकातल्या बाईला आपण पिकाचं विचारायला गेलो होतो, हे त्यालाही चारचौघांत सांगता येणार नव्हतं.

तेबेलो आईपुढे येऊन उभी राहिली. "आई, तू आत गेली होतीस का? खरं सांग."

नाही म्हणावं, तर मग नासलं कसं, हा प्रश्न उरत होता. आणि त्याचं उत्तर साऱ्या जगात एकट्या मातेबेलोकडे होतं. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ते उत्तर या पोरीला देणं तिला जमलं नसतं, मेली असती तरी जमलं नसतं.

"गेले होते," ती म्हणाली. "एकदाच. दार उघडं होतं. हात लावला."

"बघा!" म्हातारी म्हणाली, आणि अंगणातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मेंढी कुठली आणायची यावर बोलणं सुरू झालं.

तेबेलो आईपासून मागे सरली. मग आईच्या घरात गेली, सकाळी आणून ठेवलेली आपली पत्र्याची पेटी उचलली आणि आजीच्या घरी नेऊन ठेवली.