चौदा पत्रे

पायाला सुतळी बांधलेली कोंबडी.

कागदाच्या पुडीत नाकातली चमकी.

बकरी नसलेला खुंटा.

छपराचे चौदा पत्रे, सायकलगाडीवर, चिलमारीच्या बाजाराकडे.

हे सगळं अंबियाच्या घरचं. पाच बायकांच्या बचत गटात तिचे तीन हप्ते थकले होते. कर्ज तिच्या नावावर. पैसे नवऱ्याने नेले आणि तो ढाक्याला गेला, तो गेलाच. गटाचा नियम असा की एकीचा हप्ता थकला, तर बाकी चौघींना नवं कर्ज नाही.

गटप्रमुख माजेदाला दुसरं शिलाई मशीन घ्यायचं होतं. पौषातल्या थंडीत पत्रे उतरवायला तीच छपरावर चढली.

"माजेदा बुबू, पोर झोपलीय आत," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी अंबिया खालून म्हणाली.

"मग उठव! कर्जावर अंगठा देताना नव्हतं कुणी झोपलं."

दुसऱ्या दिवशी बैठकीत कर्ज देणाऱ्या संस्थेचे, हप्ते गोळा करणारे साहेब खूश. "शाबास! वसुली शंभर टक्के!"

"त्यात छप्पर किती टक्के धरलंत, साहेब?" म्हाताऱ्या कुलसुम चाचीने सुपारी कातरता कातरता विचारलं. ती गावची सुईण, गटातलीच.

"चाची, नियम काय मी केला?" माजेदा उसळली.

"नाही. पण छपरावर तू होतीस. शिडी मीच धरली होती, म्हणून बोलते. एकटी बाई सावकारापुढे रडायची म्हणून गट केला ना आपण? आता पाच जणींतल्या चौघी मिळून एकीला रडवतो. सावकाराला निदान स्वतः यावं लागायचं! रोज भात टाकताना प्रत्येकीने मूठभर तांदूळ बाजूला काढला असता, तर निघाले असते तिचे हप्ते."

माजेदा ताडकन उठली. घरी जाऊन तिने स्वतःच्या स्वयंपाकघराचे चार पत्रे उचकटले, डोक्यावर घेतले आणि अंबियाच्या घराकडे धावत सुटली.

चार भिंती उभ्या होत्या. मध्ये मच्छरदाणी, धुक्याने निथळणारी. आत कुणी नव्हतं.

"पहाटेच्या बसने गेली," शेजारीण म्हणाली. "कपड्यांच्या कारखान्यात कुणी घेतं का बघते म्हणाली. पोर खोकत होती."

"अरेरे! काय करून बसले मी!"

आता त्या चौघींच्या चुलींपाशी भाताआधी मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात पडतो. जिचा हप्ता अडेल, तिच्यासाठी. माजेदाचे ते चार पत्रे अंबियाच्या भिंतीला टेकून आहेत. अंबियाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

बायांनो, गट करा, कर्जही काढा, नाव तुमचं असेल तर पैसा तुमच्याच हातात ठेवा. पण आपल्यातल्याच एकीचं छप्पर उतरवणारा गट हा गट नव्हे; ती सावकाराची बिनपगारी माणसं!

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात माजेदाचं शिलाई मशीन डोक्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून अंबिया चालत आली होती.