टॉवेलाखालचा हात

मी टॉवेल बोलतोय. न्हाणीघरातला नव्हे हं, जनावरांच्या बाजारातला! दोन माणसं हातात हात घेतात, वरून मला टाकतात आणि माझ्याखाली बोटं दाबून बैलाची किंमत ठरवतात. भोवतीच्या माणसांना आकडा कळत नाही. मला कळतो. म्हणून माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, राग मानू नका.

वर तोंडानं "देवाशपथ" म्हणायचं आणि खाली बोटानं भलतंच बोलायचं, हे मी इतकं बघितलंय की कुणी गोड हसलं की मी आधी त्याचा अंगठा बघतो.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या दस्तगीरनं मला विकत घेतलं. तो बैलांचा दलाल. त्याची पत अशी की शेतकरी बैलाचं दावं सरळ त्याच्या हातात द्यायचे. "ईक. पैसं पुढल्या बाजारला दे." ना कागद, ना साक्षीदार. मला तेव्हाच वाटायचं, हे काही खरं नव्हं.

आणि झालंही तसंच. बहात्तरच्या दुष्काळात दस्तगीरनं लोकांचे बैल असेच शब्दावर घेतले आणि गिऱ्हाईक बाजारात फिरकेना. वैरण संपली, बैल मातीमोल गेले. गोठा विकला, घर विकलं, तरी देणी फिटेनात. शेवटी कोर्टानं त्याला नादार ठरवलं आणि पुढं यथावकाश देण्यांतून मोकळंही केलं. बाजारानं काही मोकळं केलं नाही.

माझ्याखाली हात येईनासा झाला. काल "दस्तगीरभाई" म्हणणारे आज म्हणायचे, "पावणं, आदी नोटा दावा." ओळखीच्या माणसाला पावणं! त्याचा चेहरा पडायचा. मी खांद्यावर नुसता लोंबायचो.

त्याची बायको नजीरा म्हणाली, "अवं, त्यो टॉवेल द्या हिकडं. भाकरी तरी बांधीन त्यात."

"ऱ्हाऊ दे. लागंल."

"कुणाला लागतोय आता?"

त्यानं मला झटकलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं.

मग तो रोख पैशात शेळ्या घेऊन विकू लागला. चार पैसे सुटले की एसटीनं शिरोळला जायचा. तिथल्या ईरप्पाच्या खिलारी बैलजोडीचे पैसे त्या दुष्काळात बुडाले होते. कोर्टानं हे देणं माफ केलं होतं, तरी हा थोडं थोडं नेऊन द्यायचा. ईरप्पा पैसे घ्यायचा, पण ओट्यावर बस म्हणायचा नाही. खरं सांगू? मलाही वाटायचं, दस्तगीर जाळं टाकतोय. मोठा मासा लागेपर्यंत सगळेच सज्जन असतात.

अशी वर्षं गेली. एकदा ईरप्पानं बाजारात एक देखणा बैल आणला. हंबीरराव नावाच्या बागायतदाराला तो आवडला. म्हणाला, "दलाल मला दस्तगीरच पायजे." बुडालेला माणूस लवकर वाकतो, हा त्याचा अंदाज. ईरप्पानं नाक मुरडलं. "कर बाबा सौदा. पर दावं माझ्याच हातात ऱ्हाईल."

किती दिवसांनी मी दोन हातांवर पडलो! हंबीररावानं आधी बोटं दाबून पडेल भाव सांगितला. मग एक बोट वेगळं दाबलं. म्हणजे, बैल एवढ्यात पाड, वरचे शंभर तुझे. घरात कुलसुमचं, दस्तगीरच्या लेकीचं, लग्न ठरलेलं आणि अजून एक पातेलंसुद्धा घेतलेलं नव्हतं. त्याचा तळवा घामानं भिजला. म्हटलं, खाल्ले बघा यानं!

त्यानं ते बोट हळूच मागं दुमडलं. हंबीररावानं पुन्हा दाबलं. यानं पुन्हा दुमडलं, या खेपेला चांगलं कडकन वाजेल असं. मग बैलाचा वाजवी भाव दाबला आणि सौदा पटला तो त्याच भावाला. वर हंबीरराव हसतच होता.

पैसे मोजून घेत ईरप्पानं विचारलं, "मदी किती खाल्लंस?"

"दलाली तेवढी, अण्णा."

"खोटं."

टॉवेलाखालचं दलालानं बाहेर काढायचं नाही, हा बाजाराचा नेम. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण नाही! अरे बोल की मर्दा! मला तोंड असतं तर मीच बोंब मारली असती. इतका राग मला लबाडांचाही कधी आला नव्हता.

पुढल्या बाजाराला ईरप्पा दुभती गाय घेऊन आला. सरळ दस्तगीरपाशी येऊन त्यानं दावं पुढं केलं. "ईक. पैसं पुढल्या बाजारला दे."

दस्तगीर हात लावेना. "अण्णा, थट्टा करताय व्हय?"

"हंबीरराव चहाच्या गाड्यावर तुला शिव्या घालत हुता. म्हणं, येडं हाय त्ये, शंभर देत हुतो तरी घेईना. कोर्टाचं कागद मला कळत न्हाईत. पर त्या माणसाच्या शिव्या कळत्यात की!"

दस्तगीरनं दावं धरलं आणि मला तोंडावर घेतलं. मी भिजलो. आधी मला वाटलं, घामच आहे. पण घाम असा हुंदके देत येत नाही.

आता मी मधोमध विरलोय. नजीरा नवा घ्या म्हणते, तो ऐकत नाही. तुमच्या गावात कुणी असा बुडालेला असेल, तर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी तसला भोळा नाही. पण एकदा त्याचा हात हातात घेऊन तर बघा. माझं म्हणाल, तर कुणाचाही हात खाली आला की आजही माझा धागा न् धागा जागा असतो. फक्त दस्तगीरचा आला, की मी खुशाल डोळा लागू देतो.