वारा शून्याहून मोठा

मित्रांनो, मी आहे एक जुना गणिती प्रोग्राम. हात नाहीत, पाय नाहीत, भावनांचं तर नावच काढू नका. आकड्यांऐवजी अक्षरं घेऊन गणितं करायची आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी आहे का ते सांगायचं, हेच माझं काम. माझी उत्तरं तीनच: खरं, खोटं आणि 'सांगता येत नाही'.

या तिसऱ्या उत्तरापायी मी फार बोलणी खाल्ली. छपरांच्या कारखान्यातल्या इंजिनिअर ताई मात्र मला जपायच्या. "हा उगाच थापा मारत नाही," म्हणायच्या.

एकदा बसथांब्याच्या छपराचं काम आलं. ताईंचा थोरला भाऊ तिथेच उन्हात वर्तमानपत्रं विकायचा. "दादाच्या डोक्यावर एकदाचं छप्पर येणार!" ताई हरखल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, छप्पर उचलणारा जोर त्याच्या वजनापेक्षा कमीच राहील ना? समोरून येणारा वारा त्यांनी धन मानला होता, मागून येणारा ऋण. मी म्हणालो, सांगता येत नाही.

"अहो, आधी समोरचा तर बघा," कारखान्याचे साहेब ताईंवर वैतागले. ताईंनी सांगितलं, वारा शून्याहून मोठा धर. मी धरला. उत्तर आलं, खरं.

जेवून आल्यावर ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी कुठूनही येणाऱ्या वाऱ्यासाठी. पण आधी धरलेलं सोडून दे, हे सांगायचं राहून गेलं. मला एकदा धर म्हटलं की मी धरूनच बसतो. मी पुन्हा म्हणालो, खरं.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" साहेब खूश झाले. छप्पर उभं राहिलं.

मग एका दुपारी वादळ मागून आलं. छप्पर उचकटलं आणि दादांच्या कमरेवर पडलं.

त्यानंतर ताई माझ्यासमोर नुसत्या बसून राहायच्या. चहा गार व्हायचा. "मला काही वाटतच नाहीये रे," एकदा म्हणाल्या. मला तर कधीच काही वाटत नाही, त्यामुळे आमचं बरं जमलं. साहेबांनी चटकन उत्तरं देणारा नवा प्रोग्राम आणला. मी ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये तसाच पडून आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाला काही गृहीत धरायला सांगितलंत, तर काम झाल्यावर ते सोडायलाही सांगा. आणि 'सांगता येत नाही' ऐकून तोंड वाकडं करू नका.

काल डॉक्टरांचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दादा पुन्हा उभा राहील ना हो?"

"सांगता येत नाही, ताई."

"बरं झालं, खरं सांगितलंत," ताई म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्या ढसाढसा रडल्या.