माळरान पार्टीचा बेंजो

मित्रांनो, मी एक जुना बेंजो आहे. कडेगावात ज्ञानूच्या सोप्यात एका खुंटीला गोणपाटाची पिशवी टांगलेली आहे, तिच्यात माझा मुक्काम असतो. माझ्या दोन तारा तुटल्या आहेत आणि उरलेल्या गंजल्या आहेत. पिशवीत एक पाल राहते, तिची माझी आता चांगली ओळख झाली आहे. पण माझेही दिवस होते बरं का, आणि ते मी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाही.

माझा जन्म साताऱ्याचा, सन एकोणीसशे सत्तरचा. भाऊसो नावाच्या सुताराला टेबलं-खुर्च्या करायचा कंटाळा आला, की तो असलं काहीतरी करत बसायचा. फणसाच्या फळीची त्याने माझी पेटी केली. त्याच सुमारास कचेरीतला एक टाइपरायटर मोडीत निघाला होता, त्याची बटणं आणून त्याने मला बसवली. माझ्या बटणांवर अजून क, त, म अशी अक्षरं दिसतात. म्हणजे बघा, ज्या बटणांनी वीस वर्षं सरकारी नोटिसा लिहिल्या, ती माझ्याकडे येऊन गाणी वाजवायला लागली. माणसांतसुद्धा असा पालट फार थोड्यांच्या नशिबी येतो.

ज्ञानू साताऱ्याला आला होता तो फौजेत भरती व्हायला. त्याच्या भावकीत घरटी एक माणूस पलटणीत. पण ज्ञानूची छाती एका बोटाने कमी भरली आणि त्याला रांगेतून बाहेर काढलं. तोंड पाडून तो बाजारातून चालला होता. भाऊसो मला वाजवून बघत होता, तिथे तो थांबला आणि तासभर हललाच नाही. संध्याकाळी मी टॉवेलात गुंडाळला जाऊन कडेगावच्या एस.टी.त बसलो होतो. ज्ञानूची आई बनुबाई दारातच उभी होती. तिने टॉवेल उघडून बघितला.

"बंदूक आनाय गेलावतास," ती म्हणाली, "आन ह्ये काय आनलंस?"

ज्ञानूने टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि मला आत नेलं. पण वर्षभरात त्याची बोटं माझ्यावर अशी फिरायला लागली, की बनुबाईच शेजारणींना बोलावून आणू लागली.

मग आमची पार्टी जमली. ढोलकीवर नाथाजी. हलगीवर बिराप्पा, तो पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, मेंढरं घेऊन आमच्या माळावर उतरायचा आणि हलगी ऐकून पुढे जायचं विसरायचा. आणि गायला अर्जुना. मित्रांनो, अर्जुनाच्या आवाजाबद्दल मी काय सांगू? तो गायला लागला की मी हळू वाजायचो. ज्ञानूला वाटायचं आपणच बोट हलकं ठेवतोय. आम्ही नाव घेतलं 'माळरान बेंजो पार्टी', आणि नाथाजीने ते ढोलकीवर तेलरंगाने लिहून टाकलं.

आमची एक खोड होती. बाकीच्या पार्ट्या सिनेमातली गाणी वाजवायच्या, आम्ही आमचीच. ती सगळी अर्जुना रचायचा. न थांबणाऱ्या एस.टी.वर एक होतं, बिराप्पाच्या हरवलेल्या मेंढीवर एक होतं. लोक ओरडायचे, सिनेमातलं म्हणा. अर्जुना हात जोडून सांगायचा, "ती सिनेमात ऐका की. तितं लय झ्याक वाजवत्यात. आमचं आमच्याबिगार कोन म्हननार?" खंडाळ्याच्या एका लग्नात त्यामुळे आम्हाला जेवायच्या आधीच उठवलं. नाथाजी शिरवळपर्यंत बासुंदीच्या नावाने उसासे टाकत होता.

बहात्तर साली दुष्काळ पडला. चौघेही खडी फोडायच्या कामावर गेले. मी घरीच होतो, पण अर्जुनाचं सगळ्यात चांगलं गाणं त्याच कामावर जन्मलं. दिवस मावळताना लांबून डोक्यावर पाणी घेऊन येणाऱ्या बायका त्याला दिसायच्या. त्यावर त्याने रचलं:

"दिस कलला, माळ निवाला,
कोन येतंय गं वाटंनं…"

तीन कडवी नुसतं विचारतच जायचं, कोण येतंय, कोण येतंय. चौथ्या कडव्यात कळायचं, की आई येते आहे, घागर अर्धी सांडलेली आहे आणि उरलेलं पाणी तिने वाटेत तोंडालाही लावलेलं नाही. शिरवळला एका कारखान्याच्या पूजेत हे गाणं आम्ही म्हटलं. कामगार आधी सिनेमातल्या गाण्यासाठी शिट्ट्या मारत होते. चौथं कडवं झालं आणि कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मागे एक पहारेकरी टोपी काढून बसला होता, तो नुसता रडत होता. त्यानंतर तीन वर्षं आमच्याशिवाय एकही जत्रा झाली नाही म्हणा ना. मी तेव्हा जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू.

आता जत्रेची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. गाणं चाललेलं असताना गर्दीत कोणीतरी हात वर करतो. एक बोट म्हणजे एक रुपया, पाच बोटं म्हणजे पाच. हात दिसला की गाणं तिथल्या तिथे थांबवायचं, देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारायचं, ढोलकीने एक तोडा द्यायचा आणि मग पुढे सुरू करायचं. नाव पुकारलं नाही तर माणूस रुसतो, कधी कधी अख्खी भावकी उठून जाते. पुकारायचं काम ज्ञानूचं. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, पण लांब जायचा. हात वर दिसला की त्याची बोटं माझ्यावरून आपोआप उठायची. विचार करायला वेळच लागायचा नाही.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर अर्जुनाच्या घशात दुखायला लागलं. आधी हळदीचं दूध झालं, मग ज्येष्ठमध झालं. शेवटी त्याची बायको धोंडुबाई त्याला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, वाईट आहे, ती काढावी लागेल आणि तिच्याबरोबर आवाजही जाईल. काढली नाही तर माणूस जाईल. ऑपरेशनचा दिवस त्यांनी गुरुवारचा दिला.

त्या संध्याकाळी अर्जुना ज्ञानूच्या सोप्यात येऊन बसला. त्याची मुलगी सुला तेव्हा दोन वर्षांची होती, ती त्याच्या मांडीवर झोपली होती. बराच वेळ तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

"ज्ञानू," तो म्हणाला, "आवाज गेला तर गेला. जीव तर ऱ्हाईल. पर ह्या पोरीला काय आठवनार हाय? बा कसा गायचा, हे तिला कळलं पायजे गड्या. येक गानं तरी कुटं ऱ्हायला पायजे."

तेव्हा गावात टेप करायचं यंत्र कोणाकडे नव्हतं. पण सांगलीत रेडिओवाले होते. ज्ञानूने महिन्याभरापूर्वी तिथे पत्र टाकलं होतं आणि नशिबाने त्यांनी मंगळवारी गाण्याच्या चाचणीला बोलावलं होतं. गाणं पसंत पडलं तर टेपवर राहील आणि रेडिओवर लागेल. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. एवढ्या एका गोष्टीवर चौघांनी आपला सगळा जीव टांगला.

सांगलीतली ती खोली मी कधी विसरणार नाही. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, खाली जाड सतरंजी, आणि इतकी शांतता की मला माझ्याच तारांची भीती वाटली. समोर मोठी काच होती. काचेमागे यंत्रं होती आणि एक चष्मेवाले साहेब बसले होते. साहेब भले होते. त्यांनी आत येऊन सगळ्यांना पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. "लाल दिवा लागला की सुरू करायचं. मी एक बोट दाखवलं की समजायचं, एक मिनिट उरलं. त्यात शेवट करायचा." चौघांनी माना डोलावल्या. ज्ञानूनेही डोलावली. पण मित्रांनो, मला ठाऊक आहे, तो तेव्हा माझी उतरलेली तार पिळत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या तारेत होतं.

दिवा लागला. अर्जुनाने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

तसं तो त्याआधी कधी गायला नव्हता. घशातली गाठ जणू बाजूला सरून उभी राहिली होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. नाथाजीचे डोळे भरले होते, बिराप्पा मेंढरं, माळ, सगळं विसरून गेला होता. तिसऱ्या कडव्यात अर्जुना तिसऱ्यांदा विचारत होता, कोण येतंय गं वाटेनं. आता चौथं यायचं होतं. आणि काचेमागे साहेबांचं एक बोट वर झालं.

ज्ञानूची बोटं माझ्यावरून उठली.

"काचंमागल्या सायबांकडनं माळरान बेंजो पार्टीला येक रुपाया बक्षीस! पार्टी त्येंची लय आभारी हाय!"

नाथाजीने तोडा दिला. अर्जुनासुद्धा थांबला, सवयीने हात जोडून उभा राहिला. आणि मग चौघांनाही एकदमच कळलं की आपण कुठे आहोत. दिवा अजून लालच होता.

साहेब धावत आत आले. ते रागावले नाहीत. "दहा मिनिटं आहेत, पुन्हा म्हणा," म्हणाले. अर्जुनाने कोमट पाणी घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. पण जे होतं ते त्याने पहिल्या वेळीच देऊन टाकलं होतं. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरला. तो खोकत खाली बसला, आणि तोंडावरचं उपरणं काढलं तेव्हा त्यावर लाल ठिपके होते. साहेबांनी पुढच्या महिन्यातली तारीख देऊ केली.  आमच्याबरोबर आलेली धोंडुबाई दारातून म्हणाली, "आवं सायेब, म्होरल्या म्हैन्यात ह्येंचा आवाज नसंल."

परतीच्या एस.टी.त ज्ञानू मला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसला होता.  अर्जुनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ज्ञानू, त्यो रुपाया घ्यायचा राह्यला की रं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. आणि मग, "तुजं चुकलं न्हाई गड्या. आमी समदेच थांबलो की."

अर्जुनाच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. गुरुवारी त्याचा आवाज मिरजेत राहिला.

पुढे ज्ञानू सांगलीला पुन्हा गेला होता. अर्धं तर अर्धं, तेवढी टेप द्या, म्हणाला. पण टेपा महाग असत, नापास झालेलं पुसून त्यावर दुसरं घ्यायची तेव्हाची रीत होती. तिच्यावर कोणाचं तरी भजन चढलं होतं. घरी येऊन त्याने मला गोणपाटात घातलं आणि खुंटीला लावलं. नाथाजीने ढोलकी विकली. बिराप्पा मेंढरं घेऊन आला की आमच्या माळावर न थांबता पुढे जायचा.

अर्जुना जगला. गळ्याला पांढरं फडकं बांधून तो शेतात जायचा आणि दर सोमवारी ज्ञानूच्या सोप्यात येऊन बसायचा. ज्ञानू त्याच्याकडे बघायचा नाही. अर्जुना त्याला एकदाही काही बोलला नाही, बोलू शकतच नव्हता. चिडला असता तर ज्ञानूला बरं वाटलं असतं. पिशवीतून मला दोघांचे फक्त श्वास ऐकू यायचे. अशी तीन वर्षं गेली.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात एका सोमवारी अर्जुनाबरोबर सुला आली. ती आता पाच वर्षांची होती. तिने ज्ञानूचं धोतर ओढलं.

"ज्ञानूकाका, माजा बा गायचा म्हनं. कसा गायचा?"

ज्ञानूने अर्जुनाकडे बघितलं. मग तो उठला आणि त्याने मला खाली काढलं. माझ्यावरची धूळ त्याने स्वतःच्या धोतराने पुसली. दोन तारा तिथेच तुटल्या. उरलेल्यांवर त्याने ते गाणं धरलं. मी बेसूर होतो मित्रांनो, मला फार लाज वाटली. तिसरं कडवं संपलं आणि ज्ञानूची बोटं उठली, तिथेच, आपोआप. त्याच्या डोळ्यांतून पाणी माझ्या बटणांवर पडत होतं. अर्जुना पुढे सरकला. त्याने ज्ञानूचा हात धरला आणि परत माझ्यावर ठेवला.

ज्ञानू आयुष्यात कधी गायला नव्हता. पण चौथ्या कडव्याला शब्द तर हवेतच. त्याने आपल्या त्या पत्र्याच्या आवाजात चौथं कडवं म्हटलं, फाटत, अडखळत, आई घरी पोचेपर्यंत.

सुलाने नीट ऐकून घेतलं. मग ती बापाकडे वळली.

"आबा, तू आसाच गायचास?"

ज्ञानू 'न्हाई' म्हणायला तोंड उघडत होता. पण अर्जुनाने त्याच्याकडे बघून हसून मान हलवली. व्हय. असाच. पोरीने टाळ्या वाजवल्या आणि ज्ञानूने तोंड टॉवेलात लपवलं.

मित्रांनो, ते खरं नव्हतं. अर्जुना कसा गायचा हे त्या सोप्यात मला नेमकं माहीत होतं, आणि मला सूर आहेत पण शब्द नाहीत. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. वाद्यं जपा, आम्हाला उन्हात टाकू नका, पालींच्या हवाली करू नका. पण आम्ही काय, नवीन तारा घातल्या की पुन्हा वाजतो. तुमच्या घरात चुलीपाशी, मोटेवर, जात्यावर कोणी गात असेल, तर हातातलं काम ठेवा आणि शेवटचं कडवं होईपर्यंत तिथेच बसा. सुला आता गाते आणि चांगली गाते. पण बापाचा आवाज म्हणून तिच्या कानात राहिला आहे तो ज्ञानूचा.