बावीस जणांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, बुटांच्या कारखान्यातले. माझ्या मधोमध करवतीच्या पात्याएवढी एक फट आहे. तीत रोज कुणाचा तरी घास सांडतो आणि ज्याचा सांडतो तो माझ्याकडेच रागाने बघतो. खरे तर रागवायला हवे मी, पण टेबलाचे कोण ऐकतो!

मला घडवले तेव्हा मी अखंड होते. सुताराने कारखान्यातली बावीस माणसे मोजली आणि तेवढे लांब मला केले. चार कोपऱ्यांना चार पाय दिले आणि पोटाला आधार म्हणून मध्ये आणखी दोन. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "इथे कुणाची जागा ठरलेली नाही. येईल तसं बसायचं." मालक स्वतः उशिरा येत. त्यामुळे कधी त्यांना झाडूवाल्या मावशींच्या शेजारी बसावे लागे, तर कधी चिकटकाकांच्या. चिकटकाका बुटांचे तळ चिकटवत. त्यांच्या कपड्यांना सोल्युशनचा उग्र वास येई.

"काका, तुमच्या शेजारी बसलं की डबा उघडायच्या आधीच भूक मरते," मालक एकदा म्हणाले.

"मग माझ्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. माझीही भूक वाढेल!"

दुसऱ्या दिवशी पंखा बसला. अर्ज नाही, विनंत्या नाहीत.

पॅकिंगला तेव्हा एक पोरगी होती. नुसता पाय बघून बुटाचा नंबर सांगायची, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणत. माझ्या कडेवर तिने खिळ्याने बारा इंचांच्या खुणा कोरल्या होत्या. मला टोचले, पण मी काही मनावर घेतले नाही. एके दिवशी तिला मालकांशेजारी जागा मिळाली. ती खाली वाकून म्हणाली, "मालक, तुमचा उजवा बूट अर्धा नंबर लहान आहे. म्हणून तुम्ही सकाळी खुशीत असता आणि दुपारी सगळ्यांवर डाफरता."

टेबलाभोवतीचे सगळे खदखदून हसले. मालकांनी तिथल्या तिथे बूट काढून पाहिला. आठवडाभरात मोजपट्टी कटिंगच्या खोलीत काम शिकू लागली. पुढे सुपरवायझर झाली. मालक थकून घरी बसले तेव्हा कारखाना तिच्याच हाती आला. मित्रांनो, माझी छाती अभिमानाने फुगली होती. आपल्याशी जेवलेली पोर एवढी मोठी झाली!

त्याच पोरीने एके दिवशी सुताराला बोलावले. आता तिला मॅडम म्हणत. "मोठी गिऱ्हाइकं येतात. साहेब लोकांनी सोल्युशनच्या वासात जेवणं बरं दिसत नाही. याचे दोन भाग करा. एक वरच्या मजल्यावर न्या."

त्याच वासात ती स्वतः आठ वर्षे जेवली होती.

सुतार डोके खाजवत म्हणाला, "पाय सहाच आहेत, मॅडम. कापल्यावर मधले दोन कुणाला देऊ?"

"वरच्यांना द्या."

तिने क्षणभरही विचार केला नाही. करवत नेमकी तिच्या खुणांमधून गेली. सात इंच माझ्याकडे राहिले, पाच वर गेले. वरच्या अर्ध्याला चार पाय आणि वर काच मिळाली. मला दोन पाय उरले, म्हणून माझे कापलेले टोक भिंतीला खिळ्यांनी ठोकले. वर चार साहेब अकरा जागांवर ऐसपैस बसू लागले. खाली तेवढ्याच जागेत अठरा जण कोपराला कोपर लावून जेवू लागले.

मला वाटले होते, निदान एक जण तरी "नको" म्हणेल. कुणीच म्हणाले नाही. उलट चिकटकाका म्हणाले, "बरं झालं! साहेब नाहीत, आता मोकळं बोलता येईल." आणि खरेच, सगळे मोकळेपणाने बोलत. फक्त ज्यांनी ऐकायला हवे होते ते वरच्या मजल्यावर होते.

मग काकांच्या खोलीतला पंखा जळाला. काका रोज जेवताना सांगत आणि अठरा जण माना डोलवत. नवा सुपरवायझर जिन्यात भेटला की म्हणे, "लिहून द्या." काकांनी तीनदा लिहून दिले. त्याच महिन्यात वर दोन नवे पंखे बसले आणि साहेबांचे पगारही वाढले. वाईट कुणीच चिंतले नव्हते. शेजाऱ्याचा घाम दिसतो म्हणून पंखा येतो. जिन्याखालचा खोकला वर ऐकू जात नाही, एवढेच.

एका दुपारी काका कामावरच कोसळले. त्या वासाने छाती कायमची गेली, आता कामावर येणे नाही, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी जेवायला आली. मॅडम पूर्वी होत्या तशी तीही पॅकिंगलाच होती. तिने डबा उघडलाच नाही. पक्कड आणली आणि माझे खिळे उपसू लागली. "धरा याला," ती म्हणाली. अठरांपैकी दहा-बारा जणांनी मला उचलले आणि जिना चढवला. मी आयुष्यात प्रथमच जिना चढत होते. वर साहेब घास हातात धरून बघतच राहिले.

"हे काय चाललंय?" मॅडम उठल्या.

"खाली याला दोनच पाय आहेत, मॅडम. याचे बाकीचे पाय इथे आहेत," मुलगी म्हणाली.

माझे कापलेले टोक काचेच्या टेबलाला भिडले. सात आणि पाच इंच शेजारी आले. मॅडमनी आपण कोरलेल्या त्या खुणांवर अंगठा ठेवला. मग म्हणाल्या, "सुताराला बोलवा. पट्ट्या मारून जोडायला सांगा. आणि काच काढा."

पंखा संध्याकाळच्या आत बसला. मित्रांनो, काम एवढेच होते, अर्ध्या दिवसाचे.

आता पुन्हा सगळे येईल तसे बसतात. लोखंडी पट्ट्यांनी मला घट्ट धरले आहे, पण करवतीने खाल्लेले लाकूड कुठून येणार? मॅडमना मी माफ केलेले नाही. त्या दिवशी गप्प बसलेल्यांनाही नाही. मला तोंड नव्हते, त्यांना होते. तुम्हालाही आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत कुणी असे टेबल कापायला आले, तर करवत लागायच्या आधी बोला.

काकांची खुर्ची रिकामी ठेवली आहे. तिच्या शेजारी बसायला कुणाचेच मन धजत नाही, म्हणून ती जागा शेवटपर्यंत उरते. मॅडम नेहमी उशिरा येतात. रोज त्यांना तिथेच बसावे लागते.