सचिवांचा राहता पत्ता

टाळ्या वाजल्या तेव्हा मी मागच्या टेबलावरचे चहाचे कप गोळा करत होते. वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत आमच्या निवडुंगप्रेमी मंडळाची वार्षिक सभा भरली होती. सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या पाहून मला वाटलं, कप फुटला की काय. मग अध्यक्ष म्हणाले, "अभिनंदन, ताई. सचिवपदी बिनविरोध." अध्यक्ष म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. ते बोलले की समोरच्याचं तोंड आपोआप उघडतं. माझंही उघडलं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी बरंच वाटलं. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही. लग्नातल्या मी धरत नाही. शिवाय या वर्षीपासून सचिवाला दरमहा मानधन मिळणार होतं. मी एका लाँड्रीत बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते, आणि आमचं घरभाडं गिऱ्हाइकांच्या कमरेपेक्षा वेगानं वाढतं.

तेवढ्यात किल्लीवाले काका उठले. बाजारात त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान आहे, आणि मंडळाची नियमावली त्यांना तोंडपाठ आहे, कारण निम्मी त्यांनीच लिहिलेली आहे.

"मानधन आलं म्हणजे नववा नियम आला," ते म्हणाले आणि चष्मा न लावताच वाचू लागले. मानधन घेणारा पदाधिकारी शहराच्या हद्दीत राहणारा हवा. दोन सभासदांनी घरी जाऊन तशी खात्री करावी. त्याचा राहता पत्ता मंडळाच्या फलकावर लावावा आणि महासंघाच्या त्रैमासिकात छापावा.

नियम उगाच आला नव्हता. पूर्वी एक सचिव मानधन इथलं घेत आणि राहत मात्र दुसऱ्या शहरात, मुलाकडे. त्यांच्या काळात मंडळाची सामाईक रोपं वाळली. निवडुंग वाळवून दाखवणं सोपं नसतं. त्यांनी ते केलं. म्हणून मानधनच बंद झालं होतं, ते आता नियमासकट परत आलं होतं.

पण मला हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी 'त्रैमासिक' एवढंच ऐकू आलं, आणि गोळा केलेले कप मी परत टेबलावर मांडायला लागले.

तो ते त्रैमासिक मागून पुढे वाचतो. आधी प्रदर्शनांचे निकाल, मग गावोगावच्या मंडळांची यादी, सचिवांची नावं, पत्ते. पेन्सिल हातात घेऊन. तो म्हणजे माझा नवरा. निवडुंग मला त्यानंच शिकवले. पाणी किती, ऊन किती, मुळं कधी मोकळी करायची. रोपाच्या बाबतीत हात असा हलका की बघत राहावं. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. तो फक्त दारं लावून घ्यायचा. एकदा आम्ही पोलीस ठाण्यात त्याची तक्रार करायला गेलो, तर त्यानं तिथल्या साहेबांना फुलावर आलेली कुंडी भेट दिली, आणि साहेबांनी आम्हाला आपल्या गाडीतून घरी आणून सोडलं. पुढे कधीतरी तो परीक्षक म्हणून बाहेरगावी प्रदर्शनाला गेला, त्या दिवशी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. त्याची आई.

इथे आल्यावर गप्प राहायचं ठरलं होतं. पण मला दुसरं येतं काय? खिडकीत चार कुंड्या आल्या, कुंड्यांमागून मंडळ आलं. साध्या सभासदांची नावं कुठे छापत नाहीत ना, ते मी आधी विचारून घेतलं होतं. कप उचलणाऱ्या बाईला कुणी निवडून देईल का, ते विचारायचं राहिलं.

घरी पोचले. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तुमची सून."

"पुरावा?"

हा आमचा रोजचा खेळ. मी हसले नाही, तशी सासूबाईंनी मुकाट्यानं साखळी काढली. मी सगळं सांगितलं.

"नको म्हणून कळव," त्या म्हणाल्या.

"कारण लेखी द्यावं लागतं."

"लिही, सासू खाष्ट आहे."

"आई, चेष्टा नको हो."

"चेष्टा नाही करत, वेळ काढतेय. विचार करायला वेळ लागतो या वयात."

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. घाबरल्या की त्या ती डाव्या मुठीत धरून बसतात. आत्ता धरली होती.

"छापून आलं तरी तो लगेच नाही यायचा," त्या म्हणाल्या. "माझंच रत्न आहे, मला ठाऊक. आधी पत्र येईल, गोड. मग एखादं रोप पाठवेल. मग तो येईल, आणि तू चहा टाकायला उठलीस की मागून कडी लावेल."

"बॅग कुठे आहे आपली?"

"पलंगाखाली. भरलेलीच आहे."

इतके दिवस त्या माझ्याशी खिडकीला पडदे कुठले घ्यायचे यावर भांडत होत्या, आणि बॅग त्यांनी रिकामी केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काकांच्या दुकानी गेले. ते मशीनवर किल्ली घासत होते. ते थांबेपर्यंत मी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं आणि तीनदा विसरले.

"काका, ते पत्त्याचं जरा राहू दिलं तर?"

"राहताय ना तिथे?"

"राहतेय."

"मग अडचण काय?"

"घरमालकाला आवडायचं नाही."

"त्यांना मी समजावतो."

"आणि सासूबाईंना पाहुण्यांचा त्रास होतो."

"ताई, त्रैमासिक वाचून पाहुणे येत असते तर मी घरी खुर्च्या घेतल्या असत्या." त्यांनी किल्लीवरची धूळ फुंकली. "फलकावर पत्ता आज सकाळीच लावला. शुक्रवारी डॉक्टर यादी महासंघाला पाठवतील. उद्या संध्याकाळी आम्ही दोघं तपासणीला येतो. चहाबिहा नको, नियमात नाही."

परत जाताना मी वाचनालयात शिरले. जिन्याखाली फलक आहे. काकांच्या ठसठशीत अक्षरात माझं नाव, घराचा क्रमांक, रस्ता. मजलासुद्धा सोडला नव्हता. आणि समोर एक माणूस उभा राहून वाचत होता. रुंद पाठ, मानेवर नीट कापलेले केस, हात मागे बांधलेले. मी खांबाला टेकून त्या मानेकडे बघत राहिले. तो वळला तेव्हा कुणीतरी भलताच निघाला. हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात वाचत होता. मी तिथून निघाले ती लाँड्रीत जाऊन एका भल्या गृहस्थाची पँट चार बोटं जास्त कापून बसले.

दुसऱ्या संध्याकाळी दोघं आले. आमच्या दाराबाहेर पुरुषाचे मोठे बूट असतात, जुन्या बाजारातून आणलेले. सासूबाई त्यांना 'आमचे हे' म्हणतात.

"घरात आणखी कुणी राहतं?" डॉक्टरांनी बुटांकडे बघत विचारलं.

"आमचे हे," सासूबाई म्हणाल्या.

"भेट होईल का?"

"झाली की आत्ताच."

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. ते आत येऊन दाराकडे तोंड करून उभे होते. तीन कड्या, एक साखळी, आणि मुठीखाली रोज खुर्ची टेकवून लाकडाला पडलेला चर. त्या चरावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"कड्या कुणी बसवल्या?"

"मी," मी म्हटलं.

"सगळ्या आतून आहेत. घर बंद करून जाता तेव्हा बाहेरून एकच कुलूप, तेही साधं."

"चोरीला जाण्यासारखं काही नाही घरात, काका."

"हो ना," ते म्हणाले. "तेच बघतोय."

नियमात नसलेला चहा सासूबाईंनी पुढे केला. कप घेताना काकांची नजर त्यांच्या बोटांवर गेली.

"दारात सापडली?"

"सापडली नाहीत, दाबली," सासूबाई म्हणाल्या. "हिच्यामागे दार लावत होता, मी मध्ये हात घातला."

"कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माझा मुलगा," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलाच आहे. महासंघाचं त्रैमासिक येतं त्याच्याकडे."

मला वाटलं, आता निदान सगळं सांगून झालं. पण डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"यादी मी दुपारीच पाठवली," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं म्हटलं."

मी उठले आणि पलंगाखालून बॅग ओढली. कुठे जायचं ते माहीत नव्हतं. बॅगेचा पट्टा पलंगाच्या पायात अडकला होता आणि मी तो नुसता ओढत राहिले. काकांनी खाली वाकून तो सोडवला, पण बॅग माझ्या हातात दिली नाही.

"अकरावा नियम," ते म्हणाले. "पत्त्याला सभासदाची हरकत असेल तर निर्णय होईपर्यंत तो छापायचा नाही. नावही नाही. तोवर काम चालू, मानधन बंद. चालेल?"

"चालेल."

"डॉक्टर, लावा फोन."

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडच्या बाई कंटाळलेल्या होत्या. यादी छपाईला गेली का ते बघते, म्हणाल्या, आणि नुसतं संगीत वाजू लागलं. आम्ही चौघं त्या फोनभोवती उभे. सासूबाईंची बोटं मुठीत पांढरी पडली होती. एक धून संपली, तीच पुन्हा सुरू झाली.

"नाही गेली अजून," बाई म्हणाल्या. "हरकत कुणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"मुद्दा?"

काकांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीतल्या कुंड्या, शिलाई मशीनवरची माझी टेप, दोरीवर वाळत घातलेलं सासूबाईंचं लुगडं.

"सचिव त्या पत्त्यावर राहत नाहीत."

"तपासणी केलीत?"

"केली. तिथेच उभा आहे."

"मग?"

"घरात कुणी नाही."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. लेखी हरकत गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली. सही करायला फार वेळ घेतला.

"घरात कुणी नाही म्हणता," सासूबाई म्हणाल्या, "मग चहा कुणाच्या हातचा प्यायलात?"

"नियमात नव्हताच तो," काका म्हणाले.

जाताना त्यांनी फलकावरचा कागद स्वतः काढला. पण दोन दिवस तो तिथे होता, आणि त्या जिन्याखालून कोणकोण गेलं ते कोण सांगणार? त्रैमासिक आलं तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. आमच्या मंडळापुढे 'सचिव: हरकत प्रलंबित' एवढंच होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला शहराचं नाव दिसेल, आणि पुढे काही नाही, हेही दिसेल. काही नसलं की तो जास्त बारकाईनं बघतो.

मागच्या आठवड्यात हरकतीची सुनावणी होती. तळघर भरलं होतं. डॉक्टरांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि गणपूर्ती नाही म्हणून सुनावणी पुढे ढकलली. जन्मभर लोकांचे दात मोजलेल्या माणसाला समोरची डोकी मोजता आली नाहीत, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. काका तेवढे जमिनीकडे बघत बसले होते.

सासूबाई घरी एकट्या थांबत नाहीत, म्हणून सभेला येतात. आम्ही परतलो तेव्हा नुकतं अंधारलं होतं. जिन्यातला दिवा बंद होता. एरवी तो दिवसाही चालू असतो.

"बल्ब गेला असेल," मी म्हटलं.

"असेल."

दोघीही हललो नाही.

"तू थांब इथे," त्या म्हणाल्या.

"आई, मी जाते पुढे."

"तुला बघितलं तर तो बोलायला लागेल. मला बघितलं तर आधी गप्प बसेल. तेवढ्यात तू चौकात पोचशील." त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. "आणि मागे वळून बघायचं नाही, सूनबाई. सासूचं एकदा तरी ऐक."

त्या कठड्याला धरून चढू लागल्या. वळणावर दिसेनाशा झाल्या. मग नुसता श्वास ऐकू येत होता, मग तोही नाही. मी चपला छातीशी धरून उभी होते. रस्त्यावरून एक सायकल गेली. वर किल्ली कुलपात फिरली, दार उघडलं, आणि पुढे काहीच नाही. पळायला सांगितलं होतं आणि माझा एक पाय पायरीवर होता.

"ये गं," वरून आवाज आला.

वर जाऊन तिन्ही कड्या लावल्या, साखळी घातली, खुर्ची टेकवली. मग मी इतिवृत्त लिहायला बसले. गणपूर्ती भरू नये म्हणून सभेला आलेल्यांपैकी कुणाकुणाची नावं गाळायची ते सासूबाई सांगत होत्या.